घराची खूण

मंगलने खिचडीच्या पातेल्यावरचं झाकण उचललं, पोरांच्या पाठीमागे गेली आणि त्यावर पळी हाणली. अंगणवाडीतली सगळी पोरं दचकून वळली. एकाच्या हातातला ठोकळा पडला, एकीने भोकाड पसरलं. समृद्धी तेवढी खाली मान घालून चिंचोक्यांची ओळ लावत राहिली.

मंगलने रडणाऱ्या पोरीला कडेवर घेतलं आणि पुन्हा एकदा, अगदी समृद्धीच्या डोक्यामागे, झाकण वाजवलं. समृद्धीने एक चिंचोका उचलला, फ्रॉकला पुसला आणि ओळीत ठेवला.

तेवढ्यात दारात लंकाबाई आली. समृद्धीची आजी. रोज याच वेळी नातीला न्यायला यायची. उंबऱ्याबाहेर थांबून तिने हाक मारली, “समू, चल गं.”

समृद्धी चटकन वळली आणि हसली.

एरवी मंगलला बरं वाटलं असतं. पण आज तिचं लक्ष जमिनीकडे गेलं. लंकाबाईच्या पाठीशी ऊन होतं, आणि तिची सावली लांब पसरून चिंचोक्यांच्या ओळीवर पडली होती.

“मावशी,” मंगल म्हणाली, “जरा इकडं भिंतीकडं या. आता तिच्या मागनं हाक मारा.”

लंकाबाई भिंतीपाशी आली. पदर खांद्यावर ओढून नुसती उभी राहिली. तिने हाक मारलीच नाही.

मंगल वाडीचीच सून. अंगणवाडीचं काम बघता बघता बी.ए. झालेली, आणि आता मोबाईलवरून बालशिक्षणात एम.ए. करत होती. वाडीत रेंज नसे. तासाच्या वेळी देवळामागच्या टेकाडावर चढायचं, हिरड्याच्या झाडाला टेकून बसायचं आणि पडद्यावरच्या मॅडमचा आवाज तुटत तुटत ऐकायचा. गेल्या तासाला मॅडम म्हणाल्या होत्या, पोर बोलत नाही म्हणजे लाजाळू आहे असं परस्पर ठरवू नका, आधी त्याला ऐकू येतं का ते बघा. वर्षभर एकाच मुलाचं निरीक्षण करून प्रकल्प लिहायचा होता. मंगलने समृद्धीला निवडलं होतं ते ती गुणी म्हणून. शांत बसायची, कुणाला मारायची नाही. लाजाळू म्हणून तिला मंगलनेच सगळ्यांत आधी म्हटलं होतं.

त्या दिवशी संध्याकाळी ती लंकाबाईच्या घरी गेली. अंगणात हिरडा वाळत घातला होता. म्हातारी तो पायाने सारखा करत होती आणि पोर तिच्या मागे मागे तसंच करत होती.

“कधीपासून ठावं हाय तुमाला?” मंगलने विचारलं.

लंकाबाईचा पाय थांबला नाही. “पाळण्यात व्हती तवापासनं. भांडं पडलं, वीज कडाडली, पोर आपली गाढ झोपलेली. हिची आई गेली तवा रडारड झाली घरात. ही उठली न्हाई.”

“मग बोलला का न्हाई?”

“कुणाला बोलू? बोललं की नेत्यात. नर्सबाई एकदा म्हणली व्हती, असल्या पोरांची शाळा पुण्याकडं आस्ती, तिथंच ऱ्हायचं आस्तंय.” तिने नातीकडे पाहिलं. “आमचं काय अडत न्हाई. आमी बोलतो.”

आणि खरंच बोलत होत्या. लंकाबाईने तळव्यावर तळवा थापला, पोर आत जाऊन भाकरीची टोपली घेऊन आली. लंकाबाईने गालाखाली हात धरला, पोरीने नकारार्थी मान हलवली. नाकाला बोट लावलं की शेळी, कपाळाला लावलं की बाप. आळेफाट्याच्या गॅरेजमधून तो सुटीला येई तेव्हा कपाळावर गंध असे, म्हणून. या खुणा दोघींनीच केलेल्या आणि दोघींनाच कळणाऱ्या. त्यात शिव्याही होत्या. मंगल हसली, मग तिचं हसू ओसरलं. टेकाडावर मॅडमकडून ऐकलेलं तिला आठवलं. लहान वयात पुरी भाषा हाताशी आली नाही, तर मूल विचार करायलाही अडतं. या अंगणात भाकर होती, झोप होती, शेळी होती. काल नव्हता, उद्या नव्हता. का म्हणून विचारायला काही नव्हतं.

पुढच्या तासाला तिने मॅडमना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, “मंगलताई, थांबू नका.”

दादाभाऊने, समृद्धीच्या बापाने, फोनवर फार विचारलं नाही. “वहिनी, तुमी म्हणाल तसं. आईला तेवढं तुमीच सांगा,” म्हणाला. मंचरच्या दवाखान्यातून तिघींना पुण्याला पाठवलं. तिथे पोरीला झोपवून डोक्याला तारा लावल्या. दोन्ही कान जवळजवळ बंद होते. डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं, कानाला यंत्र लावू, पण आता नुसत्या यंत्रावर भागायचं नाही. हातांच्या भाषेत शिकवणारी शाळा आहे, वसतिगृह आहे, जूनपासून घेतील.

परतीच्या एस.टी.त पोर लंकाबाईच्या मांडीवर झोपली. डिंभ्याच्या धरणाचं पाणी दिसायला लागलं. म्हातारी खिडकीकडे बघतच म्हणाली,

“मंगल, तू शिकलीस. खोटं नको बोलू. माझ्यापाशी ऱ्हायली तर काय हुईल हिचं?”

मंगलने उत्तर देण्याआधी खाली पाहिलं. पोरीने झोपेतही आजीच्या लुगड्याचा काठ मुठीत धरला होता.

“तुमी हाय तवर काय न्हाई होणार, मावशी,” ती म्हणाली. “तुमच्या मागं तिला कुणाशीच बोलता यायचं न्हाई.”

लंकाबाईने होकारार्थी मान हलवली. वाडीच्या फाट्यावर उतरताना तिने पोरीला मंगलकडे न देता स्वतःच्याच खांद्यावर घेतलं आणि चढण चढून गेली.

जूनमध्ये नेऊन सोडलं तेव्हा मंगल बरोबर होती. शाळा चांगली होती. भिंतींवर चित्रं, आवारात घसरगुंडी, बायका हसऱ्या. अडचण दुसरीच होती. तू इथे राहायचंस, आम्ही परत येऊ, हे पोरीला सांगायचं कसं? दोघींच्या खुणांमध्ये परत येण्याची खूणच नव्हती. कधी लागलीच नव्हती. लंकाबाईने भाकरीची खूण केली, झोपेची केली, बापाची केली. पोर प्रत्येक खुणेला मान डोलावत राहिली आणि पुढचं काही सांगेल म्हणून आजीच्या हातांकडे बघत राहिली. शेवटी लंकाबाईने ते हात पदराखाली घेतले. तिथल्या बाईंनी पोरीला घसरगुंडीकडे नेलं, आणि तिची पाठ वळलेली असतानाच या दोघी फाटकाबाहेर पडल्या.

असं निघून जायचं नसतं, हे मंगल शिकलेली होती. मुलाला सांगून, निरोप घेऊन निघायचं. त्यावरचा सगळा धडा तिला तोंडपाठ होता.

पावसाळाभर लंकाबाई रोज अंगणवाडीशी यायची. नेहमीच्याच वेळेला. उंबऱ्याबाहेर थोडी टेकायची, पोरांचे ठोकळे बघायची. मंगल चहा करायची, त्या दोघी तो प्यायच्या. समृद्धीचं नाव दोघीही काढत नसत. भाताची लावणी झाली, नाचणी पोटरीला आली. अधूनमधून मंगल तिला टेकाडावर घेऊन जाई आणि शाळेत व्हिडिओ कॉल लावी. आधी आधी समृद्धी पडद्याला तोंड लावून रडायची. मग रडायची थांबली. मग तिचे हात चालायला लागले, भरभर. लंकाबाई पडद्यापुढे तळव्यावर तळवा थापायची. पोर हसायची, आणि पुन्हा आपलं काहीतरी भरभर सांगायची.

“काय म्हणती?” लंकाबाई विचारी.

“शिकतेय, मावशी,” मंगल म्हणे. तिलाही कळत नसे. मग तीही मोबाईलवर बघून हातांची भाषा शिकायला लागली. पाणी, आई, शाळा, कुठे, कोणतं.

दिवाळीआधी तिचा निकाल लागला. प्रकल्पाचं मॅडमनी सगळ्यांसमोर कौतुक केलं. पुढच्या वर्गाला तो नमुना म्हणून दाखवू का, असं विचारलं. पडद्यावरच्या चौकटींतून सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मंगलने हात जोडले आणि लगेच मोबाईल बंद केला. नवऱ्याने घरी पेढे आणले होते. लंकाबाईकडे पेढा घेऊन जायला तिचा पाय उचलला नाही. लंकाबाईच आली, पेढा मागून घेतला, तोंडात टाकला आणि म्हणाली, “माझ्या पोरीवर पास झालीस.” तिच्या बोलण्यात वाकडं काही नव्हतं. म्हणूनच मंगलला ते जास्त लागलं.

धनत्रयोदशीच्या दुपारी दादाभाऊ पोरीला घेऊन एस.टी.तून उतरला. पोर उंच झाली होती. केस कापलेले, कानांमागे यंत्रं, पाठीला निळी पिशवी. लंकाबाई तिच्यापुढे उकिडवी बसली आणि तळव्यावर तळवा थापला. समृद्धी जराशी थबकली. मग आठवल्यासारखी हसली, आजीच्या गळ्यात पडली. लंकाबाईने तिला कितीतरी वेळ सोडलंच नाही.

जेवणं झाली. दादाभाऊ पडवीत आडवा झाला. मंगल बघायला म्हणून आली आणि बसली. पोर अंगणात शेळीपाशी गेली, तिला कुरवाळून आली, घरात डोकावली, चुलीपाशी गेली, पुन्हा बाहेर आली. मग आजीसमोर उभी राहून तिने दोन्ही हातांची बोटं टोकाला टोक जुळवून छपरासारखी धरली. एकदा केलं. आजीला कळलं नाही म्हणून पुन्हा केलं.

लंकाबाईच्या चेहऱ्यावर हळूहळू उजेड आला.

“घर!” ती म्हणाली. “मंगल, घर म्हणती नव्हं?”

मंगलने पोरीकडे वळून हातांनी विचारलं, कोणतं?

समृद्धीला नवल वाटलं. इथे कुणाला तरी बोलता येत होतं. तिने मोठ्या आनंदाने हात लांब केला आणि फाट्याकडे, जिथून एस.टी. आली होती त्या रस्त्याकडे बोट दाखवलं. मग पुन्हा छप्पर केलं.

“काय म्हणती?” लंकाबाईने विचारलं.

“घरच म्हणते, मावशी.”

लंकाबाईने आपली वाकडी झालेली बोटं कशीबशी जुळवली आणि छप्पर करून नातीला दाखवलं. समृद्धीने जोरजोरात मान डोलावली, आत पळाली आणि निळी पिशवी घेऊन आली. ती आजीच्या पायाशी ठेवून उभी राहिली.

“आणलेलं दावती,” लंकाबाई कौतुकाने म्हणाली. तिने चेन उघडून वरचा फ्रॉक काढला, उलगडून बघितला. समृद्धीने तो तिच्या हातातून घेतला, मांडीवर नीट घडी घातली आणि परत पिशवीत ठेवला. लंकाबाईने कंगवा काढला. पोरीने तोही परत ठेवला आणि रस्त्याकडे बघितलं.

लंकाबाईचा हात पिशवीत होता, तो तिथेच थांबला. तिने रस्त्याकडे पाहिलं, पोरीकडे पाहिलं. मंगल खाली बघून अंगणातला एक हिरडा नखाने सोलत होती.

मग लंकाबाईने चेन लावली. पिशवी घेऊन ती आत गेली आणि उतरंडीशेजारच्या खालच्या खुंटीला, पोरीचा हात पोचेल अशी, अडकवून आली.