पाठीतली तार

गोधडी तळव्यांना टेकू नये म्हणून कुंताबाई पायांवर बांबूची टोपली पालथी घालून निजत. अंगठा आणि टोपली यांच्यात दोन बोटांची जागा लागे. कापड जरासं घासलं, तरी तळव्यांत निखारे ठेवल्यागत आग उठायची. साखरेचा आजार जुना होता. ही आग त्याच्या मागून आलेली.

चौऱ्याऐंशीच्या पावसाळ्यात नागपूरच्या एका डॉक्टरांनी त्यांच्या मणक्याजवळ बारीक तार सरकवून पाहिली. तारेचं दुसरं टोक बाहेर, बॅटरीच्या एका डबीला. डबी सुरू केली की पायांत झिणझिण्या येत आणि आग त्यांच्याखाली दबून जाई. त्या दवाखान्यात कुंताबाई आठवडाभर झोपल्या. पायांवर टोपली न ठेवता, गाढ झोपल्या. मग चाचणी संपली, तार काढली.

"कायमची बसवायची तर पुन्हा या," डॉक्टर म्हणाले. "पण मग वाकायचं काम बंद, डोक्यावर ओझं बंद. तार जागची हलते. आणि अनवाणी चालायचं नाही. आग कमी होईल, पण पायांची गेलेली जाणीव परत येणार नाही."

सेवाग्रामच्या रस्त्याला त्यांची भाजीची वाडी होती. घरी आल्यापासून नवरा, पुंडलिकराव, विचारत आणि त्या पुढे ढकलत. आधी सांभार, म्हणजे कोथिंबीर, निघू दे, मग मेथी, मग वांगी.

"सांभार निघाला, मेथी निघाली," पुंडलिकराव म्हणत. "आता का आंब्याच्या मोहराले इचारून येऊ?"

"तुमाले का जाते बोलाले? वांगे तोडाले वाकनार कोन, तुमी?"

खरं कारण दोघांनाही ठाऊक होतं. नव्या वाफ्याची पहिली तोड घरच्या मोठ्या बाईनं अनवाणी करायची, ही त्या घरची रीत. तिनं तोडल्याशिवाय दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. वाकणं गेलं की ती तोड सुनेकडे जाणार. मग वाडीत आपण असायचं तरी कशाला, हे कुंताबाईंना उमगत नव्हतं.

वांगी जून व्हायला आली, तेव्हा एका सकाळी त्या निघाल्या. चपला वाफ्याच्या बांधावर, धुऱ्यावर ठेवल्या. सून वच्छला मागे उभी राहिली. अर्धी ओळ जेमतेम चालून झाली आणि तळव्यांच्या आगीनं कुंताबाई मटकन खाली बसल्या. त्यांनी एकही वांगं तोडलं नव्हतं.

वच्छला मातीकडे पाहत होती. पावलांच्या ठशांत ओलं लाल काहीतरी होतं.

"आत्याबाई, पाय दाखवा बरं."

टाचेत बाभळीचा काटा होता, अख्खा आत. वच्छलानं तो उपसला, तेव्हा कुंताबाई दुसऱ्या कुणाचा पाय असावा तशा पाहत राहिल्या.

"दुखलं नाई तुमाले?"

"आग होऊन राह्यली नुसती. काटा नाई समजला."

शेजारच्या नत्थूजींचा पाय अशाच एका काट्यापायी गुडघ्यातून कापावा लागला होता.

पुंडलिकराव विहिरीकडून आले. रक्त पाहून रागवायचं त्यांच्यात त्राण उरलं नव्हतं. तेही त्यांच्याजवळ मातीत बसले.

कुंताबाईंनी मान वर केली.

"वच्छले, तोड वांगे."

"तुमी तोडल्याबिगर?"

"तोड म्हनलं ना. अन् चपला घालून तोड."

मग त्या नवऱ्याकडे वळल्या.

"नागपूरची गाडी पाहा. तार बसवून घेतो मी."