झिंगारोचा तिसरा भाग

"तिसरा भागच नाही ना, काका! पाहा, पाहा इथं. एक, दोन, मंग डायरेक्ट चार. कंपनीनंच नाही काढला, तं तुमी खेळले कुठून?"

गोलूने मोबाइल हिरालालच्या नाकासमोर धरला. हिरालालने चष्मा कपाळावर चढवला, पडद्याकडे पाहिलं आणि सावकारानं खोटा शिक्का परत करावा तसा तो मोबाइल परत केला.

"कंपनीले का मालूम? सीताबर्डीच्या फुटपाथवाल्याले कंपनीपेक्षा जास्त मालूम राह्यते."

दुकानातली चार टाळकी खदखदून हसली. दुकान गोलूचं, मोबाइल विकण्याचं आणि दुरुस्तीचं, पवनीच्या बसस्टँडला लागून. त्याच्या शेजारच्या खोलीत हिरालाल पाण्याच्या मोटारींचं वायंडिंग करतो. गोलू तिशीचा, वजनाने नावाला जागणारा. 'कॅप्टन झिंगारो' या खेळाचा तो भक्त होता, आणि त्या आठवड्यात कंपनीने जगभरातून मतं मागवली होती. झिंगारोच्या सगळ्या भागांतला सर्वांत भारी भाग कोणता? जो जिंकेल तो नव्याने बनवणार. तेव्हा गोलूच्या दुकानात ग्रामपंचायतीच्या निवडणुकीला नसेल एवढी धामधूम. दोन नंबरवाले एका बाकावर, पाच नंबरवाले दुसऱ्या. आणि हिरालाल एकटा उभा, तीन नंबरवाला.

आता हिरालालचा शब्द पवनीत कोण धरतो म्हणा! वैनगंगेतल्या ज्या वाघूर माशाने ट्रान्झिस्टर गिळला आणि मग महिनाभर ज्याच्या पोटातून नागपूर केंद्राच्या बातम्या ऐकू येत होत्या, तो मासा हिरालालनेच पकडला होता. रेडिओवरचे बाजारभाव सांगून संपेपर्यंत त्याने तो कापला नाही, एवढा तो सज्जन. करांडल्याच्या जंगलातला वाघ त्याच्या व्हिडिओ गेमच्या पार्लरला खिडकीतून तोंड लावून बसायचा, आणि झिंगारो खड्ड्यात पडला की चुकचुकायचा. अशा माणसाने एकदा खरं सांगितलं, तर ते खरं आहे हे ओळखायचं कशावरून? त्यावर तर शिंग नसतं.

पण हे खरं होतं.

भंडारा जिल्ह्याचे दोन तुकडे होऊन गोंदिया वेगळा झाला, त्यानंतर चारेक वर्षांची गोष्ट. आता वायंडिंग चालतं त्याच खोलीत हिरालालचं पार्लर होतं. एका भिंतीला दोन टीव्ही, दुसऱ्या भिंतीला काचेच्या खोक्यात एसटीडीचा फोन. झिंगारोची पहिली कॅसेट, दुसरी कॅसेट, सगळं गाव खेळून चुकलं होतं. मग त्याने नागपूरच्या फुटपाथवरून तिसरी आणली. वर कागदाची चिठ्ठी, त्यावर पेनाने काढलेला तीनचा आकडा. कोण्या कारागिराने ती कोणत्या पाण्यात शिजवली होती देव जाणे. कारण तिच्यात झिंगारो एकटा नव्हता. दोघे होते. डावीकडे लाल, उजवीकडे हिरवा, आणि दोघांच्या कमरेला एकच दोरी. दोघे खेळणारे बसल्याशिवाय खेळ सुरूच होत नसे. एकाने घाईने उडी मारली की दोरी ताणायची आणि दुसरा फरफटत खड्ड्यात, मागोमाग पहिलाही.

पवनीची पोरं या कॅसेटवर पहिल्याच विहिरीत बुडाली. कोणाला थांबायचं माहीत होतं? "तू मांगं राह्य," "तू राह्य बे!" असं म्हणत म्हणत दोघेही पाण्यात. आठवड्याभरात कॅसेट बदनाम झाली. "भंगार हाये," म्हणून पोरं दोन नंबरवर परत गेली.

आणि प्रतिक्षा यायची फोन करायला. एसटीतले कंडक्टर ताराचंदजी, त्यांची मुलगी. तिचा भाऊ चिखल्याच्या मँगनीजच्या खाणीत कामाला. खाणीच्या ऑफिसात फोन लावायचा, तिथला माणूस म्हणायचा, "सांगतो त्याले, थोड्या वेळानं इकडून लावून देतो." भाऊ जमिनीच्या पोटातून वर येईपर्यंत ही बाकावर बसून. असाच एकदा हिरालालने तिच्या हाती दुसरं रिमोट दिलं.

"मले नाही येत."

"मलेबी नाही येत. दोघंबी सारखेच."

हे तेवढं तो खरं बोलला होता.

पहिल्या विहिरीपाशी हिरालालने सवयीने उडी मारायला अंगठा उचलला. प्रतिक्षा म्हणाली, "थांबा. दुसऱ्याले येऊ द्या, मंग उडी मारा." आणि हिरवा सावकाश चालत आला, लालशेजारी उभा राहिला. मग दोघांनी एकदम उडी मारली. विहीर पार! हिरालाल बाकावरून उठून उभा राहिला. आयुष्यात पहिल्यांदा त्याला थाप सुचली नाही.

पुढे तिच्या भावाला खाणीतून वर यायला उशीर व्हावा असं दोघांनाही वाटू लागलं. तसं कोणी कोणाला बोललं नाही. बोलणं एवढंच, "थांबा", "या", "आता". दर वळणावर तिचं तेच वाक्य. त्या कॅसेटमध्ये खेळ जपून ठेवायची सोय नव्हती, आणि भारनियमनाची वेळ ठरलेली. लाईट गेली की सगळं गेलं. उद्या पुन्हा पहिल्या विहिरीपासून. त्याचं तरी वाईट कोणाला वाटत होतं?

एका दिवशी कशी कोण जाणे, लाईट ठरल्या वेळी गेलीच नाही. हिरालालला विचाराल तर त्याने सबस्टेशनच्या माणसाला कोंबडा पोचवला होता, पण ते सोडा. दोघे विहिरी ओलांडत, डोंगर चढत शेवटच्या पुलाशी आले. लांबच लांब झुलता पूल, खाली काळं पाणी, पलीकडे एक दरवाजा. लाल डावीकडे, हिरवा उजवीकडे. दोघे अर्ध्यावर पोचले आणि पंखा मंद झाला, टीव्हीत एक ठिपका राहिला, तोही विझला.

"उद्या," प्रतिक्षा म्हणाली.

पण उद्या ताराचंदजी आले. हिरालालच्या आत्याने, बायजाबाईने, त्यांच्याकडे लग्नाचा शब्द टाकला होता. त्या बापाने खोली पाहिली, दोन टीव्ही पाहिले, बाकावर बसले. भला माणूस. विचारलं, "धंदा बरा हाये का, बाबू?"

नुसतं "हाव जी" म्हटलं असतं तर ही गोष्ट इथंच गोड झाली असती. पण हिरालालच्या जिभेला पाय फुटले. "हे तं काहीच नाही जी. भंडाऱ्याले स्टँडपाशी दोन पार्लर हायेत. तुमसरले एक. साकोलीले काम चालू हाये."

कोणापुढे थाप मारावी, याचंही शास्त्र असतं. जो माणूस रोज भंडारा, तुमसर, साकोलीच्या स्टँडवर तिकिटं फाडत उतरतो, त्याच्यापुढे स्टँडाजवळची दुकानं उभारू नयेत. ताराचंदजींनी आठवडाभर आपल्या फेऱ्यांत प्रत्येक गावी विचारलं. मग येऊन बायजाबाईला शांतपणे म्हणाले, "एक खोली हाये त्याले देली असती पोरगी. पण जे तीन दुकानं नाहीतच, त्यायच्या मालकाले कशी देऊ?"

प्रतिक्षा लग्न होऊन एकोडीला गेली. हिरालालचं लग्न राहूनच गेलं. पार्लर बंद पडलं, फोनचं खोकं भंगारात गेलं, कॅसेट पुराच्या पाण्यात गेली. राहिल्या त्या थापा, आणि त्यांच्या ढिगात हा एक खरा खडा.

"साक्षीदार हाये माह्याजवळ," हिरालाल म्हणाला.

गोलूचे डोळे चमकले. "कोण? वाघ का?"

"माणूस हाये. एकोडीले."

"चाला मंग! आज संध्याकाळी मतदान बंद होते. साक्षीदारानं हाव म्हटलं तं मी दुकानावर बोर्ड लावतो, हिरालालकाका खरे बोलतात म्हणून. नाही म्हटलं तं पुढं तुमी मले मासा नाही सांगाचा, वाघ नाही सांगाचा. मंजूर?"

हिरालालने मान हलवली. बोर्डाचं त्याला काय! त्याला फक्त एकदा दुसऱ्या कोणाच्या तोंडून ऐकायचं होतं की हो, होता तो पूल. कारण इतक्या थापा मारून मारून अलीकडे त्याला स्वतःलाच शंका येऊ लागली होती. मासा खोटा, वाघ खोटा, मग हिरव्या कपड्यातला तो दुसरा झिंगारो कशावरून खरा?

धान कापून झालं होतं. लाखांदूरकडून साकोलीच्या रस्त्याने जाताना बांध्यांत नुसती खुंटं दिसत होती, खळ्यांवर धानाच्या पेंढ्यांचे पुंजणे रचलेले. गोलूची गाडी दोघांच्या भाराने कण्हत एकोडीला पोचली.

अंगणात खाटेवर एक म्हातारी सुपात लाखोरीची डाळ पाखडत बसली होती. भिंतीला टेकून एक कॉलेजातली पोरगी मोबाइलवर अंगठे आपटत होती.

"जय भीम," हिरालाल म्हणाला. "पवनीचा हावो. ताराचंदजी कंडक्टरच्या वळखीचा."

"जय भीम. बसा, बसा. सुनेच्या माहेरचे हायेत त!" म्हातारी आत पाहून ओरडली, "अवं प्रतिक्षा, पाणी आण व! पवनीचे पाहुणे आले." आणि पाहुण्यांना, "पोरगा धान घेऊन गेला मिलवर. हे नात माही, अपेक्षा. मोबाइल फेक ना व, पाहुणे आले तं!"

प्रतिक्षा तांब्या घेऊन बाहेर आली. केसांत पांढरं, अंगावर हिरवी साडी. हिरालालला पाहून तिची पावलं थबकली नाहीत, पण तांब्या तिने आधी गोलूपुढे धरला.

"बरे हाये?" तिने विचारलं.

"बरा हावो."

गोलूला धीर कुठला! पोरीच्या मोबाइलकडे बोट दाखवून म्हणाला, "झिंगारो ना हे? सातवा?"

"हाव," अपेक्षा वर न पाहता म्हणाली. "यात दोघं दोघं खेळा लागते. माही मैत्रीण हाये तिकडून. घडीघडी मरून राहिलो आमी."

कुंताबाईने, म्हणजे त्या म्हातारीने, सूप आपटलं. "दिवसभर तेच! माही सून सांगू सांगू थकली. थे तिले म्हणते, तुह्या वयात म्या असल्या डब्ब्याले हात नाही लावला, शिकली, मंग अंगणवाडीत लागली. खरं हाय का नाही व, प्रतिक्षा?"

प्रतिक्षा पदराने तांब्याची कड पुसत राहिली.

"त्याचंच तं विचाराले आलो आमी, आजी," गोलू सरसावला. "हे काका म्हणतात का झिंगारोचा तिसरा भाग होता. अन् थो भाग यायच्यासंगं खेळलेलं माणूस एकोडीत—"

अपेक्षाचे अंगठे थांबले. कुंताबाईचं सूप थांबलं. प्रतिक्षाने मान वर केली आणि सरळ हिरालालकडे पाहिलं. त्या नजरेत विनवणी नव्हती. पुलाच्या अर्ध्यावर उभा असलेला माणूस शेजारच्याकडे पाहतो, तसं ती पाहत होती. तुम्ही आधी, की मी?

हिरालालचा अंगठा मांडीवर नकळत उचलला गेला. तो त्याने खाली ठेवला.

"अरे, हाट्!" तो मोठ्याने हसला. "काय साक्षीदार अन् काय तिसरा भाग! फेकली मी, गोल्या. साकोलीले एका मोटारीचं काम पाहाचं होतं, गाडीचं भाडं वाचवलं. ताराचंदजीच्या लेकीचं घर रस्त्यात लागलं तं पाणी प्यालो."

गोलूचा जबडा लोंबला, आणि मग त्याने मांडीवर थाप मारली. "पाहा! पाहा आजी! असा हाये हा माणूस! चाळीस कोस आणलं मले!"

कुंताबाई हसून हसून खोकू लागली. अपेक्षाही हसली.

"काहून फेकता हो असं, हिरालालजी?" प्रतिक्षाने विचारलं. अगदी हळू.

"सवय हाये, बाई. जात नाही."

"बाबा म्हणत. मरेपर्यंत म्हणत होते, पोरगा मनाचा वाईट नोहोता."

ती चहा ठेवायला आत गेली. चहा झाला, धानाच्या, पावसाच्या गोष्टी झाल्या. गोलू गाडीला किक मारायला फाटकाबाहेर गेला. हिरालाल वाकून चपलेचा पट्टा लावत होता. पट्टा काही लागेना. मागे अपेक्षा मोबाइलवर चिडून "मेलो फेर!" म्हणाली, आणि कप उचलायला आलेली प्रतिक्षा तिच्या मागे क्षणभर उभी राहिली.

"थांब," ती म्हणाली. "दुसऱ्याले येऊ दे, मंग उडी मार."

"तुले का समजते व, आई, यातलं?"

कपांचा आवाज झाला. चपलेचा पट्टा लागला.

परतीच्या वाटेत गोलूने अख्खा लाखांदूर तालुका हिरालालला टोमणे मारण्यात घालवला. हिरालालने एकही थाप उलट मारली नाही, तेव्हा गोलूला जरा काळजी वाटली. वैनगंगेच्या पुलावर चढताना हिरालाल म्हणाला, "थांबव जरा."

ऊन नदीवर उतरलं होतं. हिरालाल कठड्याशी डाव्या अंगाला जाऊन उभा राहिला.

गोलूने मोबाइल काढला. "काका, मतदान बंद व्हाले आलं. तुमचं मत कोणाले टाकू? दोन का पाच?"

"यादीत हाये त्यायले दुसरे देतीन. राहू दे."

गोलू येऊन त्याच्या उजव्या बाजूला कठड्याला टेकला. हिरालालने खालच्या पाण्याकडे पाहिलं. मग त्याने गोलूच्या दंडाला हलकेच धरलं.

"उजवीकडं नको, बाबू," तो म्हणाला. "या बाजूनं ये."