अकरा कपाळांना गंध

तानाजीच्या वर्षश्राद्धाला माजलगावच्या चौकात बॅनर लावायचं ठरलं. तानाजी माझा धाकटा. उसाच्या ट्रॅक्टरखाली गेला. वरीस होत आलं, तरी मला रडू आलं न्हाई. बाया म्हणतात, म्हातारीचं काळीज दगडाचं. म्हणू द्या, दगडावरच घर उभं राहतं.

तानाजी फोटोला लई लाजायचा. त्याच्या मोबाईलमधून निघाले ते सगळे मिळून बारा, घरात दुसरा फोटो न्हाई. माझा नातू रविराज पुण्यात कंप्युटरचं काम करतो. त्यानं ते स्वतःच बनवलेल्या वेबसाईटवर चढवले आणि मोबाईल पुसून कुणाला तरी देऊन टाकला. बॅनरचा फोटो निवडायचा मान माझा. टॅब माझ्या मांडीवर ठेवून तो सांगायला लागला.

"आज्जी, उजवीकडं सरकवलं की फोटो निवडला. डावीकडं सरकवलं की पुढचा. आन् वर..."

"मला शिकवू नको. तुझ्या बापाला मी चालायला शिकवलंय."

"बरं बाई," म्हणून तो चहा प्यायला गेला.

मी अष्टगंधाची वाटी घेतली. गेलेल्या माणसाचा फोटो समोर आला की आधी गंध, मग बाकीचं. पहिला फोटो कुणाच्या तरी लग्नातला, फेटा बांधलेला. कपाळावर बोट टेकवलं, खालून वर ओढलं. फोटो वर सरकला आणि दुसरा आला. मला वाटलं, गंध पोचलं. दुसऱ्याला लावलं, तिसऱ्याला लावलं. काच माखली की पदरानं पुसायची, पुन्हा बोट. मनात काहीच नव्हतं. काम होतं, करत गेले.

रविराज आला, टॅब बघून उभाच राहिला.

"आज्जी, बाकीचे फोटो?"

"गंध लावलं. वर गेले."

"वर ओढलं की कायमचा पुसला जातो. तेच सांगत होतो."

"दारातलं कुत्रं हाकलायचं तरी माणूस दोनदा बघतं. तुझ्या डबड्यानं इचारलं कावून न्हाई?"

"इचारायचं बटण टाकायला पाहिजे होतं. माझं चुकलं."

"चुकलंच. माझंबी."

तानाजीची बायको वनमाला आतून आली. "एकबी उरला न्हाई?"

"एक हाय, काकू."

धरणाच्या भिंतीवर तानाजी पाठमोरा उभा, पाण्याकडं बघत. त्याला कपाळच दिसत नव्हतं, गंध लावणार कुठं? म्हणून तेवढा राहिला.

"आत्याबाई, पाठमोऱ्या माणसाचं बॅनर? लोक हसतील."

"हसू दे. उजवीकडं ना रे?" मी तो उजवीकडं सरकवला.

श्राद्धाच्या दिवशी वनमालेला घेऊन चौकात गेले. वर नाव, खाली सगळ्या घराची नावं, मधी पाठ. लोक बघायचे, एकमेकांना कोपर मारायचे. किराणावाला उत्तरेश्वर दुकानातून उतरून आला.

"काकू, तोंड कावून न्हाई?"

"माझ्या हातानं गेलं," मी म्हणले.

 मी वनमालेचा हात धरला आणि चालायला लागले. तिनं तो सोडवून घेतला न्हाई.