आमची लेकरं, आमचा निर्णय

अगं थांब, मधे बोलू नकोस, आधी ऐक फक्त. मला इतका राग आलाय ना, की सकाळी बेकरीत पावाचा ट्रे असा आपटला, मालकीणबाई म्हणाल्या, "पावाने काय घोडं मारलंय तुझं?" पावाने नाही मारलं. त्या कायद्याने मारलंय. आणि माझ्या बापाने.

ताईला मुलगी झाली, माहितीये ना तुला? दाजी जहाजावर, म्हणून ताई आमच्याकडेच आहे, मागच्या खोलीत. पिल्लू एवढंसं आहे! तर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सगळीकडे डांग्या खोकला पसरलाय. मोठ्यांना नुसती ढास लागते, पण एवढ्याशा बाळाचा श्वासच अडकतो. आणि लस द्यायला ती अजून फार लहान आहे. ताईने पोटुशी असतानाच घेतली होती, पण तेवढ्यावर विसंबू नका म्हणाल्या, बाळाला जो जो उचलणार त्याने टोचून घ्यायचं.

आई लगेच गेली आणि दंड चोळत आली. मीही गेले, बेकरीतून परस्पर, ॲप्रनला पीठ तसंच. नर्सबाईंनी बाही वर करायला लावली, कापूस फिरवला, आणि मग विचारलं, "वय?" म्हटलं, सतरा. झालं! कापूस टोपलीत.

"बाळा, नवा कायदा आलाय. आधी तुझ्याएवढ्या मुलांची स्वतःची सही चालायची. आता अठराच्या आत आईवडिलांची लागते."

"मग आईची आणते की!"

"दोघांची लागते. एक जरी नाही म्हणाला, तरी आम्हाला हात लावता येत नाही."

म्हणजे बघ हं. मी भट्टीसमोर उभी राहते, मनगटं भाजून घेते, तिथे कुणी विचारत नाही बाबांची सही कुठाय म्हणून. पण सुई टोचायची म्हटलं की दंड माझा आणि मालक भलताच!

आणि मालक कोण, तर आमचे बाबा. हा कायदा व्हावा म्हणून मोर्चात गेले होते ते. गाडीच्या मागे हे एवढं स्टिकर, 'आमची लेकरं, आमचा निर्णय'. आणि गंमत ऐक, दवाखान्यातल्या ज्या फ्रीजमधे ती लस ठेवतात ना, तो बाबांनीच दुरुस्त केलाय! मी म्हटलंसुद्धा, "बाबा, लस गार राहावी म्हणून तुम्ही तिथे घाम गाळलात, मग मला टोचली तर काय बिघडतंय?"

"फ्रीज दुरुस्त करणं माझं काम. माझ्या पोरीला काय टोचायचं हे सरकारने सांगायचं काम नाही."

"सरकार कुठे सांगतंय? मी सांगतेय!"

"तू अजून लहान आहेस, ठमे," असं म्हणाले आणि खोकले. हो! कधीपासून खोकतायत. विचारलं तर म्हणे, दिवसभर थंड-गरम होतं.

ताई खोलीतून सगळं ऐकत होती. तिचं तुला माहितीये, बोलणार नाही, करून दाखवेल. उठली, पिल्लू आईकडे दिलं, गरम पाण्याचं फडकं घेऊन खाली गेली, गाडीवरचं स्टिकर अलगद सोललं आणि स्वतःच्या दारावर चिकटवलं! एक कोपरा फाटला, तर त्याला चिकटपट्टीसुद्धा लावली.

बाबा बघतच राहिले. "हे काय?"

"वाचा की. तुमचंच आहे. आता मीही आई आहे, बाबा. माझं लेकरू, माझा निर्णय. टोचून घेतल्याशिवाय या दारातून कुणी आत यायचं नाही."

"अगं, मी आजोबा आहे तिचा!"

"आजोबांचं कायद्यात काही लिहिलेलं नाही. आणि ठमे, तूही बाहेर."

मी पण! सुक्याबरोबर ओलंही जळतं म्हणतात ना, तसं. मी आपली दाराच्या फटीतून पिल्लाच्या टाचा बघायची. आणि आई? पदर तोंडाला लावून हसत होती!

तर कालची गोष्ट. आई बाहेर गेलेली. ताई म्हणाली, "पिल्लू झोपलंय, मी आंघोळ करून येते, तू दाराशी बस, कुणाला सोडू नकोस." मी स्टूल टाकून बसले. तेवढ्यात बाबा आले. धुतलेला शर्ट, हाताला साबणाचा वास, केस विंचरलेले.

"ठमे, दोन मिनिटं. मी अजून तिचा चेहरासुद्धा नीट पाहिला नाहीये गं."

मी पाय लांब करून वाट अडवली.

"तू तरी कुठे घेतलंयस तिला? चल, दोघं जाऊ. कुणाला कळतंय?"

"तुम्ही टोचून घ्या, बाबा. आत्ताच्या आत्ता. दवाखाना तुमच्या ओळखीचा आहे."

"ते नाही जमायचं. पण तुझ्यासाठी सही करतो. उद्या स्वतः येतो तुझ्याबरोबर. फक्त आत्ता जाऊ दे मला."

ऐकलंस? म्हणजे सही करता येत होती! माझ्या भल्यासाठी अडवलंय, तत्त्व आहे, अमुक आहे, तमुक आहे, सगळं झूट! स्वतःला आत जायचं तर लगेच सौदा. माझ्या दंडाचा सौदा!

आणि तेवढ्यात आत पिल्लू रडायला लागलं. न्हाणीघरात पाणी सुरू, ताईला ऐकू जाईना. बाबांच्या डोळ्यात पाणी, हात कडीवर. आणि त्यांना ढास लागली. भिंतीला धरून खोकत राहिले, थांबेचना. मी उठले, स्टूल दाराला लावलं, त्यावर बसून दाराला पाठ टेकली आणि बोंब ठोकली, "ताईऽऽ!"

ओल्या केसांनी धावत आली ती, आमच्या दोघांकडे बघितलंसुद्धा नाही, मला बाजूला ढकललं आणि आत गेली. दार बंद. बाबा जिना उतरून गेले.

आता माझ्याशी बोलत नाहीत. सही गेली उडत. अठरा पूर्ण होईपर्यंत मी फटीतूनच बघणार, आणि तोवर पिल्लू रांगायला लागेल. आईलासुद्धा आता बाबांचा पुळका आलाय. म्हणते, "अगं, तोंडाला रुमाल बांधून गेले असते, हो म्हणायचंस! तुझं काम तरी झालं असतं." झालं असतं! आणि पिल्लाचं?

सांग ना. समोर सही, मागे रडणारं पिल्लू, आणि बाप असा डोळे भरून उभा. खरं सांग हं, तू काय केलं असतंस?