इल्माच्या बाजूचा भात

सिनेमात मुलगी आजारी दाखवायची असली तर ती आधी देखणी दाखवावी लागते, हे मला स्वप्नीलमुळे कळलं. स्वप्नील पोशीरचा, कर्जतला कॉलेजात माझ्या वर्गात होता, आता दिग्दर्शक झालाय. त्याचा पिक्चर ॲनोरेक्सिया, म्हणजे जाड होण्याच्या भीतीने खाणं सोडण्याचा आजार, झालेल्या मुलीवर होता. हा आजार मला एकोणिसाव्या वर्षी झाला होता हे त्याला चांगलं माहीत, कारण परीक्षेत मी चक्कर येऊन पडले ती त्याच्याच बाकावर. त्यामुळे शिळफाट्याच्या अलीकडे एका बंगल्यात शूटिंग लागल्यावर त्याने आमच्याकडून दोन गोष्टी मागितल्या, अम्मीच्या हातचं दुपारचं जेवण आणि माझा सल्ला.

दहिवलीत आमचा डब्यांचा धंदा आहे. अम्मी रांधते, मी टेंपोने पोचवते. सुट्टी होती म्हणून माझ्याबरोबर इल्मा यायची. इल्मा माझ्या बहिणीची मुलगी, सोळा वर्षांची. बहीण आणि मेहुणे कुवेतला, म्हणून पोर शिकायला आमच्याकडे. जाताना बहिणीने तिचा हात माझ्या हातात दिला तेव्हा मी मोठ्या तोऱ्यात म्हटलं होतं, ही शगुफ्ता असताना तुला कसली काळजी.

सल्ला द्यायला मला आवडतं. ज्या कादंबरीवर पिक्चर होता ती मी दोन दिवसांत वाचून काढली. त्यातली नायिका खिडकीत बसून कविता लिहिते, जसजशी वाळत जाते तसतशी आणखी सुंदर दिसते, आणि शेवटी एका मुलाच्या हातून घास खाऊन बरी होते. मी स्वप्नीलला सांगितलं, बाबा रे, मी कविताबिविता केली नाही. माझे केस गळत होते, भर मे महिन्यात मी स्वेटर घालून बसायचे, अम्मीशी धडधडीत खोटं बोलायचे आणि कोणी जेवायला हाक मारली की फिसकारून अंगावर जायचे. घास भरवून कोणी बरं होत नाही. दोन वर्षं पनवेलला डॉक्टरांकडे खेपा घातल्या तेव्हा मी माणसात आले. त्याआधी माझ्या गळ्यात तीन ताईत पडले होते. वजन वाढलं असेल तर त्यांचंच.

स्वप्नीलने सगळं लिहून घेतलं. वजनकाट्याचे आकडे पडद्यावर दाखवू नकोस, मुली त्या आकड्यांशी शर्यत लावतात, हेही त्याने मुकाट ऐकलं. मग हळूच विचारलं, त्या दिवसांतला तुझा एखादा फोटो असेल तर मेकअपवाल्याला उपयोग होईल. सगळं युनिट माझं ऐकतंय म्हटल्यावर मी हरभऱ्याच्या झाडावर चढलेलीच होते. दुसऱ्याच दिवशी फोटो नेऊन दिला. त्यांनी तो मोठा करून मेकअपच्या खोलीत आरशाशेजारी चिकटवला.

आता आमच्या घरातली एक गोष्ट सांगायला हवी. आमच्याकडे सगळे मिळून एकाच मोठ्या ताटात जेवतात. मध्ये भात, त्यावर कालवण, आणि ज्याने त्याने आपल्या बाजूने खायचं. अम्मी म्हणते, एका ताटात बरकत असते. असेलही. पण त्या ताटात कोण किती जेवलं हे अल्लाला ठाऊक. माझा आजार त्याच ताटाने आठ महिने झाकून ठेवला होता. मी माझ्या बाजूच्या बोट्या भावाकडे सरकवायचे, आणि अम्मी शेजारणींना सांगायची की माझी पोरगी किती मायेची आहे.

त्या शुक्रवारी शूटिंगला सुट्टी होती. अम्मी, माझा भाऊ तल्हा, इल्मा आणि मी जेवायला बसलो होतो. पिक्चरचा शेवट कसा चुकलाय यावर मी तल्हाला व्याख्यान देत होते. तेवढ्यात इल्माने आपल्या बाजूची कोळंबी तल्हाकडे सरकवली.

"बघ रं, मामाची किती माया हाय पोरीला," अम्मी कौतुकाने म्हणाली.

माझा हात ताटातच राहिला. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच. इल्माच्या बाजूचा भात बोटांनी नुसता पसरलेला होता, खाल्लेला नव्हता.

मी उठले, आतून एक वेगळं ताट आणलं, त्यात भात वाढला आणि इल्मासमोर ठेवला. अम्मी भडकली. घरच्या माणसाला वेगळं ताट आमच्यात भांडण झाल्याशिवाय कोणी देत नाही. पोरीने काय गुन्हा केला, कुवेतला कळलं तर काय वाटेल, असं ती बरंच बोलली. आयुष्यात पहिल्यांदा मी अम्मीला गप्प बस म्हटलं. इल्मा त्या ताटाकडे बघत होती.

किती दिवस चाललंय, मी विचारलं. तसलं काय नाय, ती म्हणाली. मग खाली मान घालूनच बोलली.

"खाला, तुझा तो फोटो मी रोज बघते. मी अजून तशी कुठं दिसते? मला काय नाय झालं."

मला राग आला, तिचा नाही, माझाच. आकडे दाखवू नका म्हणून जगाला बजावणारी मी, आणि माझ्याच हाताने पोरीपुढे नमुना लावून आले होते.

"इल्मा, तो फोटो काढला त्या दिवशी मी आरशात बघून हेच म्हणाले होते," मी म्हटलं. "मी अजून तशी कुठं दिसते."

तेव्हा तिला रडू फुटलं. अम्मीने एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं, आणि कोळंबीची वाटी उचलून आत निघून गेली. तिला माझे ते आठ महिने आठवले असणार.

मी लगेच स्वप्नीलला फोन लावून तो फोटो आरशाशेजारून उतरवायला सांगितला. दोन सीन बाकी आहेत, तूच तर दिला होतास, असं तो कुरकुरायला लागला. फोटो निघणार नसेल तर उद्या जेवणाचा टेंपोही निघणार नाही, मी म्हटलं. अर्ध्या तासात फोटो निघाला. मग पनवेलच्या डॉक्टरांची सोमवारची वेळ घेतली. शेवटी बहिणीला फोन केला, तो मात्र जड गेला. कसली काळजी म्हणणाऱ्या बाईला, माझं लक्ष नव्हतं, हे सांगावं लागलं.

संध्याकाळी मगरिबच्या नमाजानंतर आम्ही पुन्हा जेवायला बसलो. मोठं ताट भिंतीला टेकवून ठेवलेलं होतं. अम्मीने चौघांसमोर चार वेगळी ताटं मांडली, स्वतःसमोरही एक. लग्न होऊन या घरात आल्यापासून ती वेगळ्या ताटात जेवली नव्हती. तिने चारही ताटांत भात वाढला आणि इल्माच्या समोर बसली.

"आता कुणाची माया कुणाला नको," अम्मी म्हणाली. "आपापलं खा."

इल्मा पाऊण तास बसली आणि अर्धं जेवली. अम्मीचंही ताट तेव्हा अर्धंच झालं होतं.