मागच्या दाराचे आजोबा

गाडी थांबली, पुढचं दार उघडलं, पण कोणीच उतरलं नाही. दुसऱ्या डब्याच्या पार मागच्या दाराशी, काचेआड, माझे बाबा सूट घालून ताठ उभे होते. मला बघून त्यांनी मान लववली. दार उघडायची वाट बघत होते.

"बाबा, पुढे! पुढच्या दाराने!" तान्ह्या कोनोहाला छातीशी धरून मी फलाटावर धावले. पण आमच्या स्टेशनात रेल्वेचा माणूस नाही आणि गाडीत गार्डही नाही. एकटा चालक उतरायला पुढचं दार तेवढं उघडतो, मागचं फक्त कोणी चढणारं असेल तर, आरशात बघतो आणि निघतो. तसा तो निघाला.

शेजारच्या हिसाए आजी रोज हौसेने फलाट झाडतात. त्यांनी झाडू टेकवला. "कोण गं ते?"

"माझे बाबा. अडतीस वर्षं गार्ड होते."

"मग बरोबर! गार्ड मागेच उभा राहणार की!" आजी इतक्या हसल्या की डोक्यावरची टोपी पडली.

मला मात्र हसू येईना. कोनोहाचा आज शंभरावा दिवस. घरातल्या सगळ्यात वडील माणसाने आज बाळाच्या ओठांना पहिलं शीत लावायचं. बाबांनी तर तिला अजून पाहिलंही नव्हतं. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, आणि तिच्याजवळ मावशी संध्याकाळपर्यंतच थांबणार होती.

फोन वाजला. "पुढच्या स्टेशनावर उतरलो. बाराची परतीची गाडी धरतो. पण मग त्याच गाडीने थेट घरी निघायला हवं, नाहीतर पुढे बदलायची गाडी चुकते आणि संध्याकाळपर्यंत आईजवळ पोचत नाही. तुझ्याकडे उतरता यायचं नाही."

"ओरडायचं तरी, बाबा!"

"गाडीत ओरडू नये. अडतीस वर्षं लोकांना मीच सांगत आलो."

आजी कान देऊन ऐकत होत्या. "बाराची ना? अगं, ती इथे नऊ मिनिटं उभी असते, समोरून येणाऱ्या गाडीला वाट द्यायला. बाळाचं ताट इकडेच मागव!"

माझा नवरा ताकाफुमी टेम्पोतून ताट घेऊन आला. तांबडा भात, अख्खा मासा, सार. बाकावर रुमाल अंथरला.

या खेपेला पुढच्या दारातून सगळ्यात आधी बाबा उतरले. "ही?" एवढंच म्हणाले, आणि त्यांचा चष्मा धुरकटला. जेवायच्या काड्यांनी त्यांनी एकच शीत उचललं. कोनोहाने ते चाटलं, तोंड वाकडं केलं आणि पुन्हा जीभ बाहेर काढली.

"सही आहे पोरगी!" आजी म्हणाल्या. "आता दगड."

दगड घरीच राहिला होता! काडी आधी दगडाला टेकवून मग हिरड्यांना लावायची, दात तसे घट्ट व्हावेत म्हणून. ताकाफुमी रुळांकडे वाकला.

"हात लावू नका, जावईबापू! रेल्वेची खडी आहे ती!"

आजींनी फलाटाकडेच्या आपल्या फुलांच्या वाफ्यातला पांढरा गोटा उपटला, ॲप्रनला पुसला. "घ्या गार्डसाहेब. ही माझी मालमत्ता."

काडी हिरड्यांना टेकली तोच समोरची गाडी आली. बाबा आपल्या गाडीत मागच्या दाराने चढले. चढायचं मागूनच असतं. गाडी सोडण्याआधी गार्ड तपासताना रोखतो तसं काचेआड त्यांनी बोट रोखलं, आधी रुळांकडे, मग कोनोहाकडे. ओठ हलले. ऐकू आलं नाही, पण लहानपणापासून मला ते पाठ आहे.

"सगळं ठीक!"

कोनोहाच्या हनुवटीला तांबडं शीत अजून चिकटलेलं होतं.