गुंडीच्या पाण्याची वाटी

मी जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची वाटी. अंगावर तीन पोचे, बुडाला काळा डाग, बाकी ठणठणीत. सोलापुरात विणकरांच्या गल्लीत रत्नम्माच्या घरी गुंडी नावाच्या कुत्रीला मी पाणी पाजते. हसू नका! देवघरातल्या पितळी तांब्याचा मान मोठा असेल, पण कुत्र्याच्या पोटातलं मला जेवढं कळतं तेवढं त्याच्या बापालाही कळायचं नाही.

रत्नम्माने मला बार्शीच्या बाजारातून आणलं. चार वर्षं मी ताटात मिरवले. एकदा फरशीवर आपटले, पोचा आला आणि माझी रवानगी थेट उंबऱ्यापाशी झाली. राग आला होता मला, का लपवू? मग गुंडी आली. मागावर इकडून तिकडे पळणाऱ्या लाकडी धोट्यापेक्षा जराशी मोठी, पण पाणी प्यायला लागली की सगळी वाटी हलवायची. तेव्हापासून ती माझी आणि मी तिची.

एकदा तिने शेंगांची चटणी चोरून खाल्ली. दोनदा ओकली, एकदा पातळ झालं. पण तासातासाला येऊन पाणी पीत होती, शेपूट हलवत होती. रत्नम्माचा नवरा धोंडप्पा म्हणाला, "लंघन घाल, बरी हुईल." दुसऱ्या दिवशी दहीभात खाऊन बाईसाहेब गल्लीभर उंडारल्या. धोंडप्पाची छाती फुगली. लंघनाचं ते यश त्याने चार घरी सांगितलं. तिथेच घोटाळा झाला.

चौऱ्याहत्तर सालच्या उन्हाळ्यात गुंडीने कुठल्याशा लग्नातलं शिळं उष्टं खाल्लं. सकाळपासून दुपारपर्यंत पाच उलट्या झाल्या. माझ्याकडे आली, हुंगलं आणि मान फिरवून कोपऱ्यात पडली. माझ्या काळजात चर्र झालं. जर्मनच्या वाटीलाही काळीज असतं!

"मागच्या बारीला लंघनानंच उठली की," धोंडप्पा मागावरून न उठताच म्हणाला. "आजबी उठंल. पाणी पुढं भरून ठिवलंय न्हवं?"

भरलेलं होतं, तेच तर वाईट होतं! पण मी सांगणार कसं?

रत्नम्मा केर काढत माझ्यापाशी आली आणि वाकली. मागाच्या घरात कापसाचे बारीक तंतू दिवसभर उडतात. उघड्या पाण्यावर त्यांची साय धरते. गुंडीची जीभ लागली की ती फाटते. त्या दिवशी साय अखंड होती.

"अवो, हितं या!" ती ओरडली. "पाण्यावर कापूस बसलाय बघा. सकाळधरनं जीभच लावली न्हाई तिनं. मागच्या बारीला पीत तरी हुती."

तिने गुंडीचा ओठ वर केला. हिरड्या पांढऱ्याफटक. खाली पाहिलं तर पातळ शौचात रक्त. तिने मला रिकामं केलं, पिशवीत टाकलं आणि गुंडीला चादरीत गुंडाळलं.

"कुटं निघालीस? दवाखान्यात?" धोंडप्पा म्हणाला. "गुरांचा हाय त्यो! म्हशी-बैलांत ही मूठभर कुत्री नेलीस तर लोक दात काढतील."

"काढू द्या. त्यांचे दात मोजत बसा तुमी. मी चालले."

धोंडप्पाने माग थांबवला. सायकल काढली, रत्नम्माला मागे बसवलं आणि उन्हात दामटली.

दवाखान्यात लोक हसलेच. "बाई, ही किती दूध देती?" असं एकाने विचारलं. पण मोहोळहून बैल घेऊन आलेला ज्ञानबा नावाचा शेतकरी पुढे झाला. "व्हा पुढं, तुमी आदी जावा. माझा बैल दम धरंल."

डॉक्टरांनी गुंडीची कातडी चिमटीत धरून सोडली. कातडीची घडी तशीच उभी राहिली, अंगातलं पाणी आटल्याची खूण. "किती उलट्या? रक्त कधीपासून? पाणी पोटात राहतं का?"

रत्नम्माने एकेक गोष्ट चोख सांगितली. पाण्यावरच्या कापसाचंही सांगितलं. डॉक्टर सलाईनची बाटली काढत म्हणाले,

"बरं केलंत थांबला नाहीत ते. मोठं कुत्रं एखादा दिवस काढतं. एवढ्याशा अंगात पाणी असतं किती? रात्रीपर्यंत संपली असती."

धोंडप्पाने पुढे होऊन तिला धरलं. गुंडीला कातडीखाली सलाईन दिलं, इंजेक्शन दिलं. मग डॉक्टर म्हणाले, "उलटी थांबली की चमच्याने पाणी द्या. थोडं थोडं."

तो चमचा रत्नम्माच्या हाती आलाच नाही. दोन दिवस माग बंद ठेवून धोंडप्पा जमिनीवर बसून होता. माझ्यातून एकेक चमचा गुंडीच्या ओठात. तिसऱ्या दिवशी ती स्वतः उठली, लटपटत आली आणि माझ्यात तोंड घातलं.

आता पाच वर्षं झाली. मला आणखी दोन पोचे आले आहेत. गल्लीत कुणाचं कुत्रं ओकलं की लोक रत्नम्माकडे येतात. एकदाच ओकलं, खेळतंय, पाणी पितंय, तर ती धीर देते. पाणी सोडलं, पोटात ठरेना, रक्त दिसलं, मलूल पडलं, किंवा जीवच चिमुकला असेल, तर ती एक शब्द वाया घालवत नाही, सरळ दवाखान्याची वाट दाखवते. माझं एवढंच मागणं आहे: तुमच्या घरच्या मुक्या जिवाची वाटी रोज एकदा वाकून बघत जा.

परवा शेजारची मनकर्णा मलूल पिल्लू छातीशी धरून दारात उभी राहिली. "दवाखान्यात नेऊ व्हय? पर लोक हसतील की वो."

रत्नम्माने तोंड उघडायच्या आत धोंडप्पाने सायकल बाहेर काढली होती. "बसा मागं," तो म्हणाला. "मला सवय हाय लोकांचं हसू झेलायची."